उलटा डाव

बुद्धिबळाच्या पटावरच एक उलटा डाव खेळतात. ज्याचे सगळे मोहरे आधी संपतील तो जिंकला. मारता येत असेल तर मारावेच लागते. नको म्हणण्याची सोय नाही. दोन मोहरे मारता येत असतील तर त्यांतला कुठला, एवढेच आपल्या हाती. राजाला शह नाही, मात नाही. तोही इतरांसारखा पटावरून उचलला जातो. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले तर त्याचा राजाही करता येतो, आणि त्याचे कुणाला अप्रूप नसते.

आम्ही तिघी बहिणी आणि धाकटा भाऊ हा डाव अब्बांकडून शिकलो. घर कोकणातले, शाफई. पैज नको आणि नमाज चुकायला नको, एवढ्याच अब्बांच्या अटी.

नवखा माणूस मोहरे उधळत सुटतो. पण देणे सोपे नसते, समोरच्याला घ्यायला भाग पाडावे लागते. एरवी भारी असलेले वजीर, हत्ती, उंट इथे अडचणीचे, कारण त्यांचा हात लांब पोहोचतो. पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे टाकले की त्याच्या उंटाची वाट मोकळी होते. काळा लगेच वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे दोन घरे सरकवतो. उंटाने ते खायचेच. तिथून त्याला आणखी एक प्यादे दिसते, तेही सोडता येत नाही. डाव गेला. तेच प्यादे एकच घर सरकवले तर मात्र पांढरा नक्की जिंकू शकतो, हे मार्क वॉटकिन्स यांनी २०१६ साली संगणकाच्या मदतीने सिद्ध केले. एका घराचा फरक!

अम्मी-अब्बांच्या मागे घराची वाटणी निघाली. शरियतप्रमाणे पाच हिस्से: भावाचे दोन, आम्हा बहिणींचा एकेक. भावाने हक्कसोडपत्र तयारच करून आणले. माहेर टिकवायचे तर बहिणींनी हिस्सा सोडायचा, ही आपल्याकडची रीत. शरियतीत ती कुठेही नाही. मोहल्ल्यातली वडीलधारी म्हणाली, मोठ्या मनाने सोडा. थोरली आपा भावाला म्हणाली, "पटावर मी देते, कारण मला द्यायचं असतं. इथे तू द्यायला लावतोयस."

कागद कपाटात आहे, सह्यांच्या जागा कोऱ्या. भाऊ चार महिने बोलला नाही. ईदला आला, शिरखुर्मा खाल्ला आणि स्वतःच पट मांडला. आपाने बघता बघता त्याला सहा प्यादी खायला लावली. तो नेहमीसारखा चिडला आणि म्हणाला, अजून एक डाव.