तिठ्यावरचे हॉटेल

कोकणात एस.टी.ने प्रवास केलेल्या माणसाला हातखंबा कोठे आहे, हे सहसा सांगावे लागत नाही. रत्नागिरी शहरातून निघालेला रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला जेथे मिळतो, तो हातखंब्याचा तिठा. कोल्हापूरची गाडीही येथेच महामार्गाला लागते, पालीपर्यंत त्याच रस्त्याने जाते आणि मग आंबा घाटाची वाट धरते. त्यामुळे मुंबई, कोल्हापूर, सावंतवाडी, रत्नागिरी अशा निरनिराळ्या दिशांची माणसे येथे उतरतात, गाडी बदलतात आणि आपापल्या वाटेला लागतात. तिठ्यावर माणसे थांबतात, एवढीच त्याची ख्याती. आणि जेथे थांबणे आले, तेथे चहा आलाच.

चहाच्या या ठिकाणाला आपण ‘हॉटेल’ म्हणतो. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मुक्कामाची जागा असा आहे. मराठी माणसाने त्यातला मुक्काम वगळला आणि खाणेपिणे तेवढे ठेवले. दोन बाकडी, एक शेगडी, भज्यांची परात आणि काचेच्या चार बरण्या एवढ्या सामग्रीवर कोकणात हॉटेल उभे राहते. त्याला शुद्ध शब्द ‘उपाहारगृह’. पण पाट्यांवर पुष्कळदा ‘उपहारगृह’ असे लिहिलेले आढळते. उपाहार म्हणजे फराळ आणि उपहार म्हणजे भेट. भाषेच्या विद्यार्थ्याने ही चूक अवश्य दुरुस्त करावी. मात्र तसे करताना या घरातून काही गोष्टी खरोखरच भेट म्हणून मिळतात, हेही ध्यानात ठेवावे. प्यायचे पाणी, पावसात उभे राहायला वळचण, ‘लांज्याची गाडी गेली का हो?’ या प्रश्नाचे उत्तर, तासाभरासाठी सांभाळलेली पिशवी, यांपैकी कशाचेही पैसे कोणी घेत नाही. चहाच्या किमतीत ते धरलेलेही नसते.

रत्नागिरीच्या अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे घेण्यासाठी मी काही वर्षे या तिठ्यावर गाडी बदलत असे. तेथे एका हॉटेलात माझे जाणे-येणे होते. ते एक काकी चालवीत. पहाटे शेगडी पेटवणे, दूध तापवणे, बटाटे उकडणे, गल्ला सांभाळणे आणि रात्री बाकडी आत घेणे ही सारी कामे त्यांचीच. मालक, आचारी, वाढपी आणि हिशेबनीस अशी वेगवेगळी माणसे तेथे नव्हती. कॉफी मागितली, तर आपल्या घरी मिळते तशीच, दुधात उकळून वर जायफळ किसलेली कॉफी समोर येई. शहरात ज्याला आज कॉफीगृह म्हणतात, त्याच्याशी या कॉफीचे नाते नावापुरतेच आहे.

अशा हॉटेलात आपण दिलेला पैसा कोठे जातो, याचा विचार आपण क्वचितच करतो. दूध वाडीतल्या गोठ्यातले, पाव जवळच्या बेकरीतला, कोकमाचे आगळ ओळखीच्या घरातले. बरणीतली आंबापोळी आणि फणसाचे पापड बचत गटाच्या बायकांनी केलेले. उरलेल्या पैशांत मुलांची फी आणि घरातल्यांचे औषधपाणी. म्हणजे आपली नोट गल्ल्यात पडली, तरी संध्याकाळपर्यंत ती गावातल्या चार घरी फिरून येते. साखळी दुकानात कामगाराचा पगार गावात राहतो, नाही असे नाही. परंतु नावाचे शुल्क, ठरवून दिलेला माल आणि नफा यांचा मोठा भाग दूरच्या कचेरीकडे जातो. दोन्हीकडचा चहा चवीला सारखा असला, तरी हा फरक उरतोच.

मालकी कोणाची, या प्रश्नाचे महत्त्व आपल्या देशातील कॉफीच्या इतिहासानेही दाखवून दिले आहे. १९३६ साली मुंबईत चर्चगेटजवळ ‘इंडिया कॉफी हाउस’ सुरू झाले. देशात कॉफीचा खप वाढावा, हा त्यामागील हेतू होता. पुढे अनेक शहरांत अशी कॉफीगृहे निघाली. १९५०च्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करण्याचे ठरवले, तेव्हा कामगारांवर बेकारीची पाळी आली. ए. के. गोपालन यांनी पुढाकार घेतला, कामगारांनी सहकारी संस्था स्थापन केल्या आणि १९५७ साली बंगळूर व दिल्ली येथे ‘इंडियन कॉफी हाउस’ या नावाने कामगारांच्या मालकीची कॉफीगृहे उघडली. कॉफी तीच आणि वाढणारे हातही तेच राहिले. बदलली ती मालकी. जे बोर्डाला नकोसे झाले होते, ते कामगारांनी चालवून दाखवले, कारण त्यांचे पोट त्यावर अवलंबून होते.

तिठ्यावरच्या हॉटेलातही मालक आणि कामगार एकच असतो. परंतु कॉफीगृहाच्या कामगारांमागे संघटना होती, तशी या माणसामागे नसते. पथविक्रेत्यांच्या संरक्षणासाठी २०१४ साली कायदा झाला. पण त्याची यंत्रणा शहरांतील पथविक्रेता समित्यांभोवती उभारलेली आहे, ग्रामपंचायतीच्या हद्दीतील टपरीला तिचा आधार सापडत नाही. २०२०च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, त्यापाठोपाठ २०२१च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला. गाडी थांबली की तिठ्यावरची शेगडीही विझते. त्या दिवसांत अशा हॉटेलांमागे उभे राहील असे एकच माणूस होते, ते म्हणजे गिऱ्हाईक. आणि तेही घरात अडकलेले.

त्यानंतर आला तो रुंद रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा आरंभ पनवेल-इंदापूर टप्प्यापासून २०११ साली झाला. रत्नागिरी जिल्ह्यात आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे टप्पे विशेष रेंगाळले. हातखंबा यांतल्या दुसऱ्या टप्प्यात येतो. रस्ता रुंद व्हायला हवा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. उतार आणि वळणे यांमुळे या भागात अनेक अपघात झाले आहेत, आणि अशा वेळी पाणी घेऊन प्रथम धावतात ती कडेच्या हॉटेलांतील माणसेच. रस्त्याची गरज त्यांच्याइतकी कोणाला कळणार? पण जमिनीचा मोबदला येतो तो जमीनमालकाच्या नावे. भाड्याच्या जागेत वर्षानुवर्षे जोडलेली वर्दळ सातबाऱ्यावर लागत नाही.

काकींचे हॉटेल रस्त्यापासून मागे सरले. समोर मातीचे ढीग आले, त्यामागून दुभाजक आला. पलीकडच्या बाजूला उतरलेला माणूस आता चहासाठी रस्ता ओलांडून येईनासा झाला. एकदा मी विचारले, “काकी, कसं चाललंय?” त्या कप विसळता विसळता म्हणाल्या, “गाड्या वाढल्या हो, पण माणूस उतरत नाय.” आतल्या रस्त्याला एक गाळा भाड्याने मिळत होता. तो घ्यावा की मुलाकडे मुंबईला जावे, हे त्यांचे ठरत नव्हते. त्यांनी मला सल्ला विचारला नाही आणि तो देण्याची माझी योग्यताही नव्हती. एवढे मात्र उमगले, की हा निर्णय त्या एकट्या घेणार नाहीत. नव्या गाळ्यापर्यंत दोन मिनिटे चालत जाणारे गिऱ्हाईक आहे की नाही, यावरही तो ठरेल. म्हणजे थोडासा तो माझ्याही पायांवर अवलंबून होता.

लहान व्यवसायाला आधार देणे म्हणजे दया करणे, अशी एक समजूत आहे. ती त्या व्यावसायिकाचा अपमान करणारी आहे. वाईट चहा भावनेपोटी गोड मानून घेण्याचे कारण नाही. अन्न सुरक्षेच्या २००६च्या कायद्यानुसार लहान विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. स्वच्छ पाणी आणि झाकलेले अन्न मागणे हा आपला हक्क आहे. तो बजावावा, पण समोरासमोर सांगून. मुकाट्याने पाठ फिरवून नव्हे. उधारी वेळेवर फेडावी. शहरातल्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने मोजणाऱ्याने येथे दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. गाडीला अवकाश असेल, तर रस्त्यापासून आत गेलेले हॉटेल शोधून काढावे आणि सोबत्यालाही दाखवावे. ही कामे लहान आहेत. पण वर्षभर अनेकांनी केली, तर त्यांतून गाळ्याचे भाडे निघू शकते.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकत आहात. हेच पुस्तक कोणी एखाद्या तिठ्यावर, चहाचा कप बाजूला ठेवून वाचत असेल. वर्गखोली नसलेल्या विद्यार्थ्याला बसायला जागा देणाऱ्या त्या बाकड्याचे भाडे कोणी मागितलेले नाही. काकींनी अखेर आतल्या रस्त्याचा गाळा घेतला. पाटी अजून लागलेली नाही, त्यामुळे रस्त्यावरून तो दिसत नाही. रत्नागिरीची गाडी सुटण्यास अवकाश असेल, तर कोणालाही विचारा, दाखवतील.