ठिणगी कुणाची?

आठवीच्या वर्गात आम्ही शिकवले, "गारगोटीतून ठिणगी निघते." मागच्या बाकावरचा लोहाराचा मुलगा म्हणाला, "नाही सर, ठिणगी पोलादाची असते." आम्ही त्याला दटावून खाली बसवले. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

आठवड्याने जुन्या नाशकात त्यांच्या भट्टीवर गेलो. त्याच्या अब्बांनी झिजलेली कानस लालबुंद तापवून वाकवली, पाण्यात बुडवली. "पाणी दिलं नाही तर पोलाद मऊ राहतं सर, ठिणगी देत नाही." गारगोटीची धार घासताच पोलादाचा कण सुटला आणि हवेत पेटला.

मराठीत चकमक, उर्दूत चकमाक, मूळ तुर्की. शब्द आम्हांला ठाऊक होता, आग ठाऊक नव्हती. मुलापुढे आम्ही म्हणालो, "बेटा, चूक आमची." सोमवारी तो बाकावर होता.