जर, तर आणि माहीत नाही

आठवी-नववीला व्याकरण शिकवताना मला सगळ्यात जास्त आवडायची ती जर-तरची वाक्यं. संकेतार्थी वाक्यं. मुलं जांभया द्यायची, मला मात्र कधी कंटाळा आला नाही. निवृत्तीनंतर या वाक्यांशी पुन्हा गाठ पडेल असं वाटलं नव्हतं. ती घालून दिली माझ्या भाच्याने. तो पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात आहे आणि त्याचं काम 'बिझनेस रूल्स'चं. म्हणजे काय रे, असं विचारलं तर म्हणाला, "मावशी, तू वर्गात करायचीस तेच. वाक्यपृथक्करण!"

मला समजलं ते असं. कर्ज कुणाला द्यायचं, पेन्शन कुणाला लागू, सवलत कुणाला, याचे नियम साहेब लोक ठरवतात. ते संगणकात घालतो प्रोग्रामर. साहेबांना प्रोग्राम वाचता येत नाही, आणि प्रोग्रामरला परिपत्रकाच्या खाचाखोचा ठाऊक नसतात. मधे काय हरवलं ते दोघांनाही कळत नाही. म्हणून काही कंपन्यांनी नियम प्रोग्राममधून बाहेर काढून वेगळे ठेवायची सोय केली. ज्याला नियम कळतो त्यानेच तो लिहावा, प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही.

त्यातल्या एका कंपनीची गोष्ट मला फार आवडली. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा इथे 1989 साली सुरू झालेली सॉफ्टलॉ. सरकारी कायदे संगणकाला समजावून सांगणं हाच तिचा उद्योग. तिथल्या माजी सैनिकांच्या भरपाईच्या दाव्यांसाठी 1990च्या दशकात तिचं सॉफ्टवेअर वापरलं गेलं. पुढे तिचं नाव रूलबर्स्ट झालं, 2007 मध्ये तिने हेली नावाची अमेरिकन कंपनी घेऊन तिचंच नाव लावलं, आणि 2008 मध्ये ओरॅकलने तिलाच विकत घेतलं. मोठा मासा, छोटा मासा... असो.

गंमत अशी, की यात नियम लिहायचे ते चक्क वर्डमध्ये, साध्या वाक्यांत! वर निष्कर्ष, खाली 'जर', आणि त्याखाली एकेका ओळीत एकेक अट. पोटातली अट आणखी थोडी आत सरकवून.

हे आत सरकवणं क्षुल्लक नाही हं. एक मराठी वाक्य घेऊ. 'मूल अनाथ असेल किंवा वडील माजी सैनिक असतील आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर फी माफ.' आता सांगा, उत्पन्नाची अट अनाथ मुलालाही आहे का? दोन्ही अर्थ निघतात. कागदावर हे वाक्य वर्षानुवर्षं चालतं आणि प्रत्येक कारकून आपापला अर्थ लावतो. इथे मात्र 'आणि' कुठल्या ओळीचा, 'किंवा' कुठल्या ओळीचा, हे लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं. दोन उभयान्वयी अव्ययं, आणि त्यांच्यावर कुणाची तरी फी अवलंबून!

या अटींवरून अर्जदाराला विचारायचे प्रश्न सॉफ्टवेअर स्वतःच तयार करतं. निर्णय दिला की तो कुठल्या अटीमुळे दिला तेही दाखवतं. पण मी खरी थबकले ती पुढच्या गोष्टीपाशी. यात एखाद्या अटीचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच नसतं. 'अजून विचारलेलं नाही' हे वेगळं आणि 'विचारलं, पण सांगता येत नाही' हेही वेगळं. आणि यातलं कुठलंच म्हणजे 'नाही' नव्हे.

मला एकदम एक मुलगा आठवला. वर्गशिक्षिका म्हणून ई.बी.सी. सवलतीचे फॉर्म मी गोळा करत असे. याचे वडील चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले, पत्ता नाही. आई पापड लाटायची. 'वडिलांचे उत्पन्न' हा रकाना त्यांनी कोरा ठेवला. त्यांनी दुसरं काय करायचं? कचेरीतून शेरा आला, माहिती अपूर्ण, नामंजूर. मी भांडून पाहिलं. उत्तर मिळालं, "बाई, नियम आहे." त्या वर्षी त्या माऊलीने हप्त्याहप्त्याने फी भरली. पुढच्या वर्षी आईच्या नावाचा दाखला मिळाला तेव्हा सवलत लागली. 'माहीत नाही'चं 'नाही' करणारं तिथे यंत्र नव्हतं, माणूसच होता.

म्हणजे यंत्र शहाणं म्हणायचं? तसंही नाही. त्याच ऑस्ट्रेलियात 2016 पासून सरकारने 'रोबोडेट' म्हणून कुप्रसिद्ध झालेली योजना राबवली. बेकारभत्त्यासारखी मदत पंधरवड्याच्या कमाईवर ठरायची. पण तपासताना वर्षाची एकूण कमाई घेऊन ती 26 पंधरवड्यांत सारखी वाटली. म्हणजे मे महिन्यात आंबे विकून चार पैसे मिळवणाऱ्याने ऑगस्टमध्येही तेवढेच मिळवले असं धरायचं! ज्या पंधरवड्याची कमाई माहीत नव्हती, तिथे सरासरी ठोकून दिली आणि लाखो लोकांना वसुलीची पत्रं गेली. माझा रोख कुठल्या सॉफ्टवेअरवर नाही. गणित यंत्राने चोख केलं, नियमच चुकीचा होता. 2019 मध्ये न्यायालयात ही पद्धत टिकली नाही, आणि 2023 च्या चौकशी आयोगाने तिची सालटी काढली.

तेव्हा प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही नियम लिहिता यावेत, हे मला चांगलंच वाटतं. साध्या भाषेतला नियम कुणीही वाचू शकतो, आणि जो वाचता येतो त्याला 'हे असं का?' विचारताही येतं. 'संगणकात तसं आहे' ही पळवाट मग राहत नाही. फक्त लिहिणाऱ्याने कोऱ्या रकान्याची वेगळी ओळ आठवणीने लिहावी. त्या ओळीत बहुतेकदा सगळ्यात गरजू माणूस उभा असतो.

आमच्या घरातल्या आणि ब्लॉगवरच्या बँकवाल्या, कचेरीवाल्या मंडळींनो, तुमच्याकडच्या फॉर्मात आहे का हो अशी ओळ? जरूर कळवा.