पुडीतलं 'डी' आणि कॅप्सूलमधलं 'डी'

“डॉक्टर, आठवड्याची पुडी तर चालू आहे. मग ही छोटी कॅप्सूल आणखी कशाला? दोन्ही व्हिटॅमिन डीच ना?”

हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो आणि तो ऐकला की मला बरं वाटतं. कारण बरेच जण तो विचारतच नाहीत. एका डॉक्टरांची पुडी, दुसऱ्यांची कॅप्सूल आणि शेजारणीने सांगितलेली कॅल्शियमची गोळी असं सगळं सोबत घेत राहतात.

आधी आकडे बघा. पुडीवर ६०,००० युनिट लिहिलेलं असतं. वजनात ते होतं दीड मिलिग्रॅम, म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम. कॅप्सूलवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कॅल्सिट्रायॉल ०.२५ मायक्रोग्रॅम. सहा हजार पटींचा फरक. पण आकडा छोटा म्हणून औषध सौम्य, असा अर्थ काढू नका. इथे नेमकं उलटं आहे.

पुडीत असतं ते कोलेकॅल्सिफेरॉल. ते धान्य आहे असं समजा. ऊन अंगावर पडल्यावर त्वचेत हेच तयार होतं. धान्य तसंच खाता येत नाही. यकृत ते निवडून, पाखडून साठवायला योग्य करतं आणि मूत्रपिंड ते दळतं. या दळणातून जे निघतं ते कॅल्सिट्रायॉल. ते खरं तर व्हिटॅमिन नाहीच, ते हार्मोन आहे. १९७१ मध्ये त्याची ओळख पटली, तोपर्यंत 'व्हिटॅमिन' हे नाव इतकं रुळलं होतं की ते बदललं नाही.

या व्यवस्थेत एक शहाणपण आहे. गिरणी गरजेपुरतंच दळते. रक्तातलं कॅल्शियम पुरेसं असेल तर मूत्रपिंड दळण कमी करतं. शिवाय कॅल्सिट्रायॉल वाढलं की पेशी त्यालाच मोडून टाकणारं एन्झाइम तयार करतात. म्हणूनच पुडीचा थोडा जास्त डोस निरोगी माणसाला सहसा पचतो. कॅप्सूलमध्ये मात्र तुम्ही तयार पीठच पोटात टाकता. गिरणीवाल्याला कुणी विचारतच नाही.

आता पेशीच्या आत डोकावू. कॅल्सिट्रायॉल पेशीत शिरून व्हिटॅमिन डी रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला चिकटतं. ही जोडी आणखी एका प्रथिनाला सोबत घेऊन थेट डीएनएवर जाऊन बसते. तिथून काही जनुकं चालू होतात, काही बंद. अशी शेकडो जनुकं आहेत. हे काम तासांचं, दिवसांचं. याशिवाय पेशीच्या आवरणापाशी काही मिनिटांत घडणारा दुसरा मार्गही आहे. त्यात कॅल्शियमचे दरवाजे उघडतात आणि पेशीतली निरोप पोचवणारी एन्झाइम्स जागी होतात.

गंमत अशी की हार्मोन एकच, रिसेप्टर एकच, पण प्रत्येक पेशी ऐकते आपल्या मतलबाचं. आतड्यातली पेशी कॅल्शियम आत ओढणारी प्रथिनं बनवते. 'डी' अजिबात नसेल तर जेवणातलं दहा-पंधरा टक्केच कॅल्शियम शोषलं जातं, पुरेसं असेल तर तीस-चाळीस टक्के. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीची पेशी मात्र तोच निरोप ऐकून आपलं हार्मोन कमी करते. त्वचेची पेशी भराभर वाढणं थांबवून नीट पिकायला लागते. आणि क्षयाच्या जंतूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींकडे तर स्वतःची छोटी गिरणी असते. जंतू दिसला की त्या जागच्या जागी कॅल्सिट्रायॉल बनवतात आणि त्याच्या जोरावर जंतुनाशक प्रथिन तयार करतात. पण या गिरणीवर कॅल्शियमचा लगाम नाही. म्हणून क्षयाच्या एखाद्या रुग्णाचं कॅल्शियम औषध न घेताही वाढलेलं सापडतं. अशा रुग्णाला 'हाडांसाठी' म्हणून कुणी पुडी सुचवली तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा.

एकाच हार्मोनची इतकी कामं असली की औषधाची अडचण होते. एक काम हवं असतं, सोबत दुसरं येतंच. मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं उदाहरण घ्या. त्यांची गिरणी बंद, त्यामुळे पॅराथायरॉइडवरचा धाक जातो, ती बेफाम हार्मोन सोडते आणि हाडं पोखरली जातात. कॅल्सिट्रायॉल दिलं की ती आवरते, पण आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरसही जास्त येतात आणि रक्तवाहिन्यांत साचू शकतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत थोडे फेरफार करून त्याची भावंडं बनवली. इंग्रजीत त्यांना अ‍ॅनालॉग म्हणतात. डायलिसिसच्या रुग्णांसाठीचं पॅरिकॅल्सिटॉल त्यातलंच. ते ग्रंथीला दाबतं, पण त्या मानाने आतड्याला कमी चेतवतं. रिसेप्टर तोच असला तरी नवा रेणू त्यात थोडा वेगळा बसतो, त्यामुळे रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो आणि मदतीला येणारी प्रथिनं बदलतात. तो किती लवकर मोडला जातो, यावरही बरंच अवलंबून असतं. फरक उन्नीस-बीसचा असतो, जादूचा नाही. कॅल्शियम त्यानेही वाढू शकतं.

सोरायसिसची कथा मला जास्त आवडते. १९८५ मध्ये जपानमधल्या ओसाका इथल्या डॉक्टरांनी एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. हाडं ठिसूळ झाली म्हणून त्याला अल्फाकॅल्सिडॉल हे असंच एक भावंड दिलं होतं आणि त्याचं सोरायसिस निवळलं! त्यानंतर त्वचेवर लावायचं कॅल्सिपोट्रायॉल आलं. ते त्वचेतल्या रिसेप्टरला कॅल्सिट्रायॉलइतकंच घट्ट धरतं, पण रक्तात पोचलं की यकृत ते झटपट मोडून टाकतं. काम त्वचेत, कॅल्शियमवर परिणाम नाममात्र. तरीही हे मलम आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर वापरायचं नसतं. तुमच्या ट्यूबवर हे नाव असेल तर ते 'नुसतं मलम' आहे असं समजून अंगभर फासू नका.

कॅन्सरबद्दलही लोक विचारतात. १९८१ मध्ये कॅल्सिट्रायॉलने उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशी प्रयोगशाळेत शहाण्यासारख्या वागू लागल्या आणि आशा पल्लवित झाल्या. पण माणसात तेवढा डोस द्यायचा तर कॅल्शियम आडवं येतं. साधं व्हिटॅमिन डी रोज २,००० युनिट देऊन अमेरिकेत २५,८७१ लोकांवर 'व्हायटल' नावाची मोठी चाचणी झाली. त्यात नवे कॅन्सर आणि हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. मोबाइलवर येणारे 'डी वाढवा, कॅन्सर पळवा' हे संदेश वाचताना एवढं लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं. मागे अडुसष्ट वर्षांच्या एका काकूंना मुलगा घेऊन आला. पंधरा दिवसांपासून बद्धकोष्ठ, मळमळ, सारखी तहान, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणं आणि आता बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटलं, विसरायला लागल्या. कॅल्शियम तपासलं तर १३.१. साधारण १०.५ च्या वर ते जास्तच समजतो. पिशवीतून निघालं काय? आठवड्याची पुडी, जी आठ आठवड्यांनी थांबायची ती आठ महिने चालू होती. कॅल्सिट्रायॉलची कॅप्सूल दिवसातून दोनदा, तिच्यात कॅल्शियमही होतंच. वर कॅल्शियमची वेगळी गोळी. आणि ब्लडप्रेशरसाठी थायझाइड जातीची गोळी, जी लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवते. एकेक औषध आपल्या जागी चूक नव्हतं, कुणी बेरीज केली नव्हती. सगळं थांबवून सलाइन लावलं. कॅप्सूलचा परिणाम काही दिवसांत ओसरतो, पुडीचा चरबीत साठलेला भाग मात्र अनेक आठवडे पाझरत राहतो. त्यामुळे पुढचे दोन महिने रक्त तपासत राहावं लागलं. काकूंचा गोंधळ आठवड्याभरात गेला. मुलाला ओशाळल्यासारखं झालं होतं, पण त्याने पिशवी आणली म्हणून तर कारण सापडलं.

एक सापळा सांगतो. 'व्हिटॅमिन डी' म्हणून लॅब जी तपासणी करते, ती यकृतात तयार होणाऱ्या साठ्याची असते. कॅप्सूलमधलं कॅल्सिट्रायॉल तिच्यात दिसत नाही. उलट कॅप्सूलमुळे तो साठा लवकर मोडला जाऊन आकडा कमीच येऊ शकतो. मग कमी आकडा बघून आणखी पुडी सुरू होते. अशा वेळी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन बघायला हवं.

तेव्हा आज स्ट्रिप उलटी करून वाचा. कॅल्सिट्रायॉल किंवा अल्फाकॅल्सिडॉल ही नावं दिसली, तर ते का दिलंय, किती दिवस घ्यायचं आणि कॅल्शियम कधी तपासायचं, हे तीन प्रश्न लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. मुतखड्याचा त्रास असेल किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर विचारायला उशीर करू नका. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा थायरॉइडच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम कमी झालेल्यांनी हा लेख वाचून कॅप्सूल स्वतःहून बंद करू नये. त्यांना तयार पिठाचीच गरज असते.