पाते आणि मूठ

कैरीच्या दिवसांत माझ्या चाकूचा रंग बदलतो. चैत्रात पहिली कैरी चिरली की पात्यावर निळसर करडी झाक उतरते आणि ती पुसून जात नाही. मग लिंबू, कांदा, आवळा, जो तो आपली छटा तिच्यावर चढवत राहतो. पाते साध्या कार्बन पोलादाचे आहे. आंबट रसाने त्यावर पातळ थर धरतो आणि तोच पुढे तांबड्या गंजाला बऱ्यापैकी थोपवतो. विक्रोळीच्या कन्नमवारनगरात राहणाऱ्याला त्याचे मोल कळते. इमारतींच्या मागे तिवरांचे रान, त्यापलीकडे ठाण्याची खाडी. या खारट, दमट हवेत खिडकीचे गज, कपाटाच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, गंज कशालाच सोडत नाही. चाकू रोज वापरून पुसून ठेवला तर टिकतो. कपाटात नुसता पडून राहिला तर एका पावसाळ्यात तांबूस होतो.

चाकू म्हटला की हिंदी सिनेमातला रामपुरी डोळ्यांपुढे येतो. माझ्या घडीच्या चाकूचे आयुष्य पेन्सिलींत आणि फळांत गेले आहे. सकाळी दुधाची पिशवी, दुपारी पार्सलची चिकटपट्टी, रद्दीच्या गठ्ठ्याची सुतळी, संध्याकाळी तिखटमीठ लावलेला पेरू. अंगठ्याचे नख खाचेत अडकवून पाते वर ओढावे. मुठीच्या पाठीत दडलेली पोलादी पट्टी आधी अडून बसते आणि पाते सरळ होताच ‘कट्’ करून त्याला जागेवर बसवते. मिटतानाही तीच अढी, तोच आवाज. चाकू ठणठणीत आहे हे डोळ्यांआधी बोटांना कळते.

विकत घेतला तेव्हा त्याची मूठ प्लॅस्टिकची होती. पेरूचे पाणी लागले की निसटायची, आणि तिच्या कडा तळव्याला टोचायच्या. सगळ्यांच्या हातांसाठी केलेली ती मूठ माझ्या हातात नीट बसत नव्हती. खालच्या मजल्यावरचे काका टूलरूममधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडून कानाशी नेला.

“पातं चांगलं आहे,” ते म्हणाले. “मूठ काढून टाक. लाकूड आहे का घरात?”

घरात आजीचा तुटका सागवानी पाट होता.

रिव्हेटची डोकी कानशीने घासून सपाट केली आणि रिव्हेट ठोकून बाहेर काढले. पाटाच्या दोन चिपा कापल्या. सागाच्या अंगी तेल असते, त्यावर अराल्डाइट नीट धरत नाही, म्हणून काकांनी लाकूड आधी थिनरने पुसायला लावले. रिव्हेट म्हणून पितळेची जाड तार ओवली. खरे कसब पात्याच्या रिव्हेटला लागते. जास्त ठोकला तर पाते उघडत नाही, कमी ठोकला तर डुगडुगते. काकांनी पात्याच्या आणि आतल्या पितळी पट्टीच्या मध्ये तेलात भिजवलेला कागद सारला, गोल तोंडाच्या हातोडीने हलके हलके ठोके दिले, आणि मग कागद फाडून ओढून काढला. कागदाच्या जाडीएवढी मोकळीक उरली. तेवढीच लागते.

पुढचे काम त्यांनी मला करू दिले. अर्धगोल कानशीचे दोन-चार हात मारायचे, मूठ हातात घ्यायची, कुठे टोचते ते पाहायचे, पुन्हा कानस. करंगळीपाशी थोडा फुगवटा ठेवला, तर्जनीसाठी खळगा केला. त्यावर पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक. शेवटी जवसाचे तेल. खोबरेल लाकडावर ओलेच राहते, जवसाचे हवेत वाळून लाकडात घट्ट धरते.

काकांकडे अक्षरे ठोकायच्या पंचांचा एक डबा आहे. त्यांच्या हातोडीवर, कॅलिपरवर, साध्या गुण्यावरही त्यांचे आद्याक्षर आहे. मी म्हटले, “पात्यावर माझं अक्षर ठोकू या का?”

“पात्यावर नको. ते कडक केलेलं असतं, पंचच बोथट होईल,” काका म्हणाले. “आणि पातं ज्यानं केलं, त्याचं. तू पितळेवर ठोक.”

पात्यावर खूण कोणाची, या प्रश्नाचा विक्रोळीशी जुना संबंध आहे. वकिली सोडलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी कुलपांच्या आधी शस्त्रक्रियेची हत्यारे बनवली होती. त्यांवर ‘मेड इन इंडिया’ असा शिक्का असावा, हा त्यांचा आग्रह माल घेणाऱ्या ब्रिटिश कंपनीला मान्य झाला नाही. अर्देशिरांनी शिक्का सोडला नाही, धंदा सोडला, आणि १८९७ मध्ये लालबागेत कुलपे बनवायला घेतली. त्यांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी १९४३ मध्ये विक्रोळीची जमीन घेतली आणि तिथे कारखाना वाढला. अर्देशिरांच्याच काळात स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कार्ल एल्सेनरला एक गोष्ट खटकत होती: आपल्या सैनिकांच्या खिशातले चाकू जर्मनीतल्या सोलिंगेनहून येतात. १८९१ मध्ये त्याने स्वतः केलेले चाकू सैन्याला दिले. त्या चढाओढीत तो जवळजवळ बुडाला, पण मागे हटला नाही. पुढे जगभर गेलेल्या त्याच्या ऑफिसर चाकूची नोंदणीही १८९७ चीच. दोघांनाही आपल्या देशात घडलेले पाते हवे होते, आणि दोघांनीही त्यासाठी नुकसान सोसले.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी गोदरेजच्या याच विक्रोळीच्या कारखान्यात १२ लाखांहून अधिक मतपेट्या तयार झाल्या. एक पेटी दुसरीहून वेगळी असून चालणार नव्हते. तोच तिच्यावरच्या विश्वासाचा पाया. पण एकसारखे काम करणाऱ्या फिटरची हत्यारे एकसारखी नसतात. कोणी हातोडीच्या दांड्याला दोरा गुंडाळतो, कोणी कानशीची मूठ आपल्या तळव्याबरहुकूम घासून घेतो. मूठ हाताला बसली की मनगट स्थिर राहते, आणि मनगट स्थिर राहिले की माप चुकत नाही. वस्तूंचा एकसारखेपणा उभा असतो तो अशा वेगवेगळ्या मुठींवर. काकांच्या शेजारी बसून कानस चालवताना हे मला समजले, आणि आपण राहतो त्या वस्तीबद्दलचा माझा आदर वाढला.

काकांचे म्हणणे मला पटते, पण त्यात मी एक भर घालेन. पाते करणाऱ्याचे, मूठ धरणाऱ्याची, आणि धारही वापरणाऱ्याचीच. दुकानातून येते ती धार काही आठवडे पुरते. पुढे कुरुंदाच्या दगडावर थेंबभर पाणी घालून पाते साधारण २० अंशांत तिरके धरायचे आणि सावकाश फिरवायचे. एक बाजू पुरेशी घासली की दुसऱ्या बाजूने अगदी बारीक बर, म्हणजे पोलादाची दुमडलेली कड, बोटाला लागते. मग पाते उलटायचे, आणि शेवटी चामड्यावर दोन-चार वेळा ओढून ती बर काढायची. वर्तमानपत्राचा कागद न अडखळता चिरला की झाले. प्रत्येक वेळी पात्याचे थोडेसे पोलाद झिजते. जे उरते त्याचा आकार हळूहळू माझ्या हाताच्या सवयीने ठरत जातो.

घरातल्या बहुतेक वस्तू आता गोंदाने बंद होऊन येतात. त्या उघडायला गेले की मोडतात. म्हणून ज्याचे रिव्हेट काढता येतात, मूठ बदलता येते, धार पुन्हा लावता येते, असे एखादे तरी साधन प्रत्येकाच्या हाताशी असावे असे मला मनापासून वाटते. मुलीचा हात अजून लहान आहे. चाकू तिच्याकडे जाईल तेव्हा माझी मूठ तिने जपून ठेवावी, अशी माझी मुळीच इच्छा नाही. तिने ती खुशाल काढावी आणि आपल्या आवडीचे लाकूड आणावे. कानस कशी धरायची, ते मी तिला शिकवीन.