सल्फाइडचा पुरता हिशेब

लिथियम बॅटरीच्या ॲनोडसाठी सल्फाइडचा थर चढवायला महागडं यंत्र लागत नाही, ही या कामातली मोठी सोय. धाराशिवकडच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणाला लागतं तेच मोरचूद पाण्यात विरघळवायचं. अमोनिया घातला की गडद निळा रंग येतो, थायोयुरिया टाकून बीकर गरम पाण्यात ठेवलं की निळाई ओसरते आणि काचपट्टीवर तांब्याच्या सल्फाइडचा काळपट थर बसतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं घोटली. जिल्ह्याच्या कॉलेजातही ती जमते. थर जमला म्हणजे बॅटरी जमली असं मात्र नाही, आणि आम्ही हे पदार्थ बनवणारे तिथेच घाई करतो. ॲनोडमधल्या नेहमीच्या ग्रॅफाइटची क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास, मॉलिब्डेनम सल्फाइडची कागदावर ६७०. पण ग्रॅफाइट लिथियम सोडतो साधारण ०.१ व्होल्टला, सल्फाइडं बहुतेक दीड-दोन व्होल्टला. समोर कॅथोड म्हणून नेहमीचा कोबाल्ट ऑक्साइड लावला, तर ३.७ व्होल्टच्या जागी दोनच्या आसपासच हाती लागतात. कण नॅनो केले की लिथियमची वाट आखूड होते, फुगणं-आकसणंही सोसतं, हे खरंच. मात्र वाढलेल्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जिंगला इलेक्ट्रोलाइट मोडतो आणि लिथियम कायमचं अडकतं. चाचणीच्या अर्ध्या सेलमध्ये समोर लिथियमचा अख्खा पत्रा असतो, म्हणून ही गळती जाणवत नाही.

यावर कुणी म्हणेल, रसायनशास्त्रज्ञ व्हिटिंगहॅम यांनी १९७६ मध्ये टायटॅनियम सल्फाइडवरच तर लिथियम बॅटरीची वाट दाखवली, पुढे २०१९ मध्ये नोबेलही मिळालं. पण त्यांचं सल्फाइड कॅथोड होतं. लिथियम त्याच्या थरांमध्ये शिरायचं आणि सांगाडा न मोडता बाहेर यायचं. आपण सांगतो ती मोठी क्षमता सांगाडा मोडूनच मिळते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: धाराशिवच्या पवनचक्क्या आणि सौरपंपांजवळ बॅटरी एका जागी राहणार, कमी व्होल्ट आणि जास्त वजन तिथे चालेल. चालेलही, पण तिथे किंमत आणि आयुष्य बघतात, आणि लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या आधीच ठाण मांडून आहेत. माझ्या मते सल्फाइडला खरी संधी सोडियम बॅटरीत आहे, कारण सोडियम ग्रॅफाइटमध्ये नीट शिरतच नाही. या विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढीच विनंती: ग्रॅममागच्या आकड्याशेजारी चौरस सेंटिमीटरवर लेप किती मिलिग्रॅम होता, पहिल्या फेरीत किती लिथियम गेलं आणि पूर्ण सेल किती व्होल्टवर चालला, हेही छापा.