लाटा आणि खुणा

काळाची गति पाहणें मनुष्यास शक्य नाहीं. त्यानें मागें टाकलेल्या खुणाच काय त्या आपल्या दृष्टीस पडतात. नदीचें पाणी अखंड वाहत असतें; पण यंदाचा पूर किती चढला हें सांगावयाचें तर घाटाच्या अमक्या पायरीचाच आधार घ्यावा लागतो. आम्ही वैनगंगेच्या कांठीं, पवनींत राहणारे. तेव्हां एवढी गोष्ट आम्हांस ग्रंथांतून शिकावी लागली नाहीं. परंतु माणसाच्या मेंदूंतही अशीच एक नदी वाहत असते, आणि तेथेंही पाण्याइतकीच पायरीची काळजी घ्यावी लागते, हें आमच्या ध्यानांत अलीकडे आलें. तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

डोक्याच्या त्वचेवर धातूच्या लहान चकत्या लावून मेंदूचे विद्युत्-स्पंद टिपतां येतात, हें जर्मनींतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनीं दाखविलें. माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख त्यांनीं १९२४ सालीं काढला, आणि पुष्कळ पडताळा पाहून १९२९ सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. इस्पितळांत ज्यास आज 'ईईजी' म्हणतात तो हाच. बर्गर यांच्या आलेखांत दोन रेषा दिसतात. वरची मेंदूची, खालची केवळ वेळ मोजणारी, सेकंदास दहा हेलकावे घेणारी. म्हणजे या विद्येच्या जन्मापासूनच लाटेच्या सोबतीस घड्याळ आहे. पुढें घड्याळाच्या जोडीला घटनेची नोंदही आली. फेफऱ्याच्या रोग्याचा आलेख काढतांना तंत्रज्ञ 'डोळे मिटले', 'हात हालला' असें त्या त्या जागीं लिहून ठेवतो. हें कारकुनी काम वाटेल. पण ती नोंद नसली तर केवळ पापणी लवल्यामुळें उठलेली लाट मेंदूच्या विकाराची म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो.

या लाटांची उंची किती म्हणाल, तर एका व्होल्टाचे दहा लाख भाग केले असतां त्यांतील दहा-पन्नास भाग. एखादा आवाज ऐकल्यामुळें मेंदूंत जी खळबळ उठते, ती तर त्याहूनही बारीक. नित्याच्या लाटांत ती बुडून जाते. लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनीं १९४७ पासून पुढें यावर एक उपाय सिद्ध केला. तोच अनुभव पुनः पुनः द्यावयाचा, दर वेळच्या आलेखाचा तेवढाच तुकडा घ्यावयाचा, सर्व तुकडे एकमेकांवर ठेवावयाचे आणि त्यांची सरासरी काढावयाची. जें दर वेळीं निराळें असतें तें एकमेकांस मारून जातें. जें दर वेळीं तेंच असतें तें शिल्लक उरतें. शंभर तुकडे एकत्र केले कीं गोंगाट सुमारें एक-दशांशावर येतो. मात्र प्रत्येक तुकडा कोठून कापावयाचा हें नेमकें ठाऊक पाहिजे. शंभर टाळ एका ठेक्यावर पडले तर भजन. मागेंपुढें पडले तर नुसता खणखणाट.

आमचा एक भाचा ही विद्या शिकतो. गेल्या दिवाळींत तो आमच्याकडे राहावयास आला, तो प्रयोगशाळेंत घेतलेले आलेख बरोबर घेऊनच. खालचा सूर वारंवार आणि वरचा सूर क्वचित ऐकवून मेंदू त्या क्वचित् येणाऱ्या सुरास कसा दाद देतो, असा तो प्रयोग. फराळाचें ताट बाजूस सारून तो संगणकापुढें बसला होता. मध्येंच म्हणाला, "मामा, लाटा आल्या, पण खुणा आल्याच नाहींत!"

आम्हीं विचारलें तेव्हां त्यानें समजावून सांगितलें. लाटा टिपणारें त्याचें यंत्र एका आलेखाच्या तीन फायली करतें. पहिलींत लाटांचे नुसते आंकडे. दुसरींत खुणा: कितव्या आंकड्याच्या वेळीं कोणता सूर वाजला. तिसरी लहानशी, साध्या अक्षरांत वाचतां येणारी. तारा किती, सेकंदास आंकडे किती, आणि उरलेल्या दोन फायलींचीं नांवें काय, हें तींत लिहिलेलें. संगणकास ही तिसरीच दाखवावयाची. तींतील नांवांवरून तो बाकीच्या दोन शोधून काढतो. प्रयोगशाळेंत कोणी टापटिपीसाठीं फायलींचीं नांवें बदललीं, आंत लाटांचें नवें नांव लिहिलें, आणि खुणांचें जुनेंच राहिलें. बिऱ्हाड हललें, पत्ता मात्र जुनाच! ती एक ओळ सुधारतांच खुणा आल्या. तरी भाचा उठला नाहीं. "आतां मोजायच्या," म्हणाला. वहींत दोनशें सुरांची नोंद होती. संगणक दोनशें एक खुणा दाखवीत होता. अधिकची एक, आलेख सुरू झाल्याची, यंत्रानें आपणहून केलेली होती. ती वेगळी काढल्यावरच त्याचें समाधान झालें.

एवढी चिकाटी कशास, याचें उत्तर साध्या गुणाकारांत आहे. सेकंदास ५०० आंकडे असले, तर तीस हजाराव्या आंकड्यावरील खूण साठाव्या सेकंदाची. काम हलकें व्हावें म्हणून आंकडे सेकंदास २५० केले आणि खुणा होत्या तशाच ठेवल्या, तर तीच खूण दोन मिनिटांवर जाऊन बसते. संगणक तक्रार करीत नाहीं. आलेख पूर्वींइतकाच सुबक दिसतो. खोटेपणा इतका निःशब्द असूं शकतो, याचें आम्हांस भय वाटलें.

त्याच मुक्कामांत भाच्यास आम्हीं जगन्नाथ टेकडीवर नेलें. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं १९६९-७० सालीं येथें उत्खनन करून प्राचीन बौद्ध स्तूप उजेडांत आणला. तेथील एका शिल्पावर नागाची आकृति असून मुचलिंद हें त्याचें नांव कोरलेलें आहे. बुद्धावर पाऊस पडूं नये म्हणून फणा धरणारा तो हा नाग. नांव नसतें तर तो कोणताही नाग झाला असता, आणि पंडितांस वादास एक विषय मिळाला असता. याच पवनींत महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा छायास्तंभ सांपडला. त्यावर नांव आहे, पण साल नाहीं. तेव्हां अक्षरांच्या वळणावरून काळाचा अदमास करीत बसावें लागतें. भाचा हंसून म्हणाला, "मामा, इथं खूण आहे, पण घड्याळ नाहीं."

खूण नसली तर घात होतो. पण असलेल्या खुणेकडून ती सांगते त्याहून अधिक वदवून घेतलें, तरीही घात होतो. पुण्याच्या सत्र न्यायालयानें २००८ सालीं एका खुनाच्या खटल्यांत जो निकाल दिला, त्यांत मेंदूच्या लहरींच्या एका चाचणीचाही आधार घेतला होता. आरोपीस गुन्ह्यासंबंधीं वाक्यें ऐकवावयाचीं, आणि त्या त्या वेळच्या लाटांवरून ती गोष्ट त्यानें स्वतः अनुभवली होती कीं काय हें ठरवावयाचें, अशी ती चाचणी. येथें खुणा कितीही अचूक असोत. अमक्या क्षणीं अमकें वाक्य कानीं पडलें, एवढेंच खूण सांगते. ऐकणाऱ्याच्या मनांत आठवण जागी झाली कीं भीति, संताप कीं केवळ ऐकीव माहिती, हें ती सांगत नाहीं. तेथें माणसाचें आयुष्य पणास लागलेलें असतें. पुढें ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं अशी चाचणी कोणावरही त्याच्या संमतीवांचून लादतां येणार नाहीं. मनाचें दार आंतूनच उघडावयाचें असतें, हें तत्त्व त्यामुळें शाबूत राहिलें.

लाट ही निसर्गाची देणगी. खूण मात्र माणसानें करावयाची, जपावयाची आणि तिची मर्यादाही त्यानेंच ओळखावयाची. परत जाण्यापूर्वीं भाच्यानें त्या आलेखांसोबत एक टिपण लिहून ठेवलें: १ म्हणजे खालचा सूर, २ म्हणजे वरचा, अमक्या दिवशीं अमकी ओळ सुधारली, पहिली खूण यंत्राची आहे, ती धरूं नये. हें कोणासाठीं, असें आम्हीं विचारतां तो म्हणाला, "दहा वर्षांनीं हें जो कोणी उघडील त्याच्यासाठीं." मुचलिंदाचें नांव दगडांत कोरणाऱ्या त्या अज्ञात कारागिरासही दुसरें काय साधावयाचें होतें?